व्यसनाने गाणी दिली की नेली? लेन स्टेली आणि 'डर्ट'बद्दल

कातळशिल्प | ५ एप्रिल, सकाळी ७:५०

आज ५ एप्रिल. १९९४ साली याच तारखेला निर्वानाचा कर्ट कोबेन गेला आणि २००२ साली याच तारखेला ॲलिस इन चेन्सचा गायक लेन स्टेली. दोघंही सिॲटलच्या एकाच लाटेतले. कोबेनवर आज पुष्कळ लिहून येईल. मला स्टेलीबद्दल लिहायचंय, कारण त्याच्या गाण्यांच्या नादात मी एकदा एक वाक्य बोललो होतो आणि ते वाक्य अजून माझा पिच्छा सोडत नाही.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, १९९८-९९ चा काळ. माझा रूममेट गिटार वाजवायचा आणि खरंच फार सुंदर वाजवायचा. मुंबईला काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधून त्याने ॲलिस इन चेन्सच्या 'डर्ट' अल्बमची कॅसेट आणली होती. रात्री दिवे घालवून ती लावायची, हा आमचा नेम. पहिल्या वर्षी तो शनिवारी प्यायचा, तिसऱ्या वर्षी रोज. खालच्या मजल्यावरचा एक मित्र मला म्हणाला, याच्या घरी कळवू या. मी म्हणालो, "राहू दे रे. प्यायल्याशिवाय तो असा वाजवणार नाही."

हे मी मनापासून म्हणालो होतो. कोबेन होता, स्टेली होता, त्यांच्या आधीचे कितीतरी होते. आतून जळल्याशिवाय असं संगीत होत नाही, हे आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो. रूममेटची बाटली आम्हाला त्याच्या वाजवण्याचाच एक भाग वाटायची.

आता 'डर्ट'कडे येतो. अल्बम आला २९ सप्टेंबर १९९२ ला. लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्डिंगला सुरुवात होते न होते तोच रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीच्या खटल्याचा निकाल लागला, शहर पेटलं, आणि बँड काही दिवस जोशुआ ट्रीच्या वाळवंटात निघून गेला. स्टेली तोवर हेरॉइनच्या तावडीत सापडलेला होता. अल्बमच्या उत्तरार्धातली गाणी क्रम न मोडता ऐका. 'जंकहेड'मध्ये नशा करणारा छाती काढून बोलतो, आमचं जग तुम्हाला काय कळणार अशा थाटात. हा सूर ओळखीचा आहे. नुकत्याच लागलेल्या कुठल्याही पिणाऱ्याच्या तोंडी तो असतो. तिथून 'डर्ट', 'गॉड स्मॅक' असं करत 'हेट टू फील' आणि 'अँग्री चेअर'पर्यंत पोचता पोचता त्या माणसात काहीच उरलेलं नसतं. एकटा, खोलीत, स्वतःच्याच अंगाला विटलेला. ही शेवटची दोन्ही गाणी स्टेलीने एकट्याने लिहिली आहेत. सुरुवातीची फुशारकी खरी आहे आणि शेवटची वाताहतही. दोन्ही एकाच गळ्यातून येतात, म्हणून मला हा अल्बम एवढा प्रामाणिक वाटतो.

आम्ही त्यातली फुशारकी तेवढी उचलली. आम्हीच असं नाही. १९९६ मध्ये 'रोलिंग स्टोन'ला दिलेल्या मुलाखतीत स्टेलीने सांगितलं होतं की चाहते त्याच्यापाशी येतात, अंगठा उंचावतात आणि आपण आत्ता नशेत आहोत असं कौतुकाने सांगतात. नेमकं हेच व्हायला नको होतं, असं तो म्हणाला होता. ही मुलाखत मी खूप उशिरा वाचली. वाचून पुस्तक-मासिक काही मिटवलं नाही, नुसता बसून राहिलो.

आता तारखा बघा. १९९० 'फेसलिफ्ट'. १९९२ 'सॅप' आणि 'डर्ट'. जानेवारी १९९४ 'जार ऑफ फ्लाइज'. १९९५ मॅड सीझन या दुसऱ्या बँडबरोबर 'अबव्ह', आणि त्याच वर्षी बँडच्याच नावाचा अल्बम. एप्रिल १९९६ ब्रुकलिनला 'अनप्लग्ड' मैफल. ३ जुलै १९९६ ला कॅन्सस सिटीत 'किस' या बँडच्या आधी वाजवलेला कार्यक्रम हा त्याचा बँडबरोबरचा शेवटचा. त्यानंतर तो जवळजवळ पावणेसहा वर्षं जिवंत होता. या पावणेसहा वर्षांत काय? १९९८ मध्ये बँडबरोबर दोन गाणी आणि एका सिनेमासाठी दुसऱ्यांच्या गाण्याला दिलेला आवाज. संपलं. तो गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता आणि गेल्याचं कळायलाच दोन आठवडे लागले.

व्यसन गाणी देत असेल, तर ज्या वर्षांत त्याच्यापाशी दुसरं काहीच उरलं नव्हतं त्या वर्षांत गाण्यांचा पूर यायला हवा होता. आला नाही. जे काही झालं ते शरीर आणि मन अजून थोडंफार साथ देत होतं तेव्हा झालं, सकाळी उठून स्टुडिओत जाता येत होतं तेव्हा झालं. व्यसनाने त्याची गाणी नेली. हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कोणी असं तारखा मांडून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तुम्ही ही गाणी कशी ऐकता? आणि कुठल्या वयात ऐकलीत?

---

मधला_स्टंप | ५ एप्रिल, सकाळी ९:१५

धागा मनाला भिडला. ॲलिस इन चेन्सचं 'नटशेल' मी हेडफोन लावून गर्दीच्या लोकलमध्ये ऐकतो. आजूबाजूला हजार माणसं असताना ऐकलं की जास्त कळतं. सविस्तर रात्री लिहितो.

---

उत्तररात्र | ५ एप्रिल, सकाळी १०:३२

कातळशिल्प, लेख आवडला पण निष्कर्ष मला पटत नाही. 'नटशेल' एखाद्या सुखी, व्यायाम करून आठ तास झोपणाऱ्या माणसाने लिहिलं असतं का? त्या आवाजात जो चिरलेपणा आहे तो गायनाच्या वर्गात शिकवत नाहीत. जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस, त्याचंही तेच. मे १९८० मध्ये तो गेला, वयाच्या २३ व्या वर्षी, आणि जुलैमध्ये 'क्लोजर' आला. तो अल्बम ऐकताना हा माणूस काय भोगत होता हे ऐकू येतंच. एमी वाइनहाउसचा 'बॅक टू ब्लॅक' घ्या. तुम्ही म्हणता व्यसनाने गाणी नेली. नेली असतील, पण आधी आणून कोणी दिली?

मला भीती अशी वाटते की आपण चांगल्या हेतूने या कलावंतांना धुऊनपुसून घेतो. "तो मुळात शिस्तीचा कारागीर होता, व्यसन हा अपघात" असं म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण त्याने स्वतः तर तो काळोख कधीच लपवला नव्हता.

मी २४ वर्षांचा आहे आणि ही गाणी मी आत्ता, या वयात ऐकतोय. ती माझ्यासाठी जुनी आठवण नाही.

---

जोडरागिणी | ५ एप्रिल, दुपारी १:०५

मी शास्त्रीय गायन शिकले, शिकवते. हे संगीत मुलामुळे घरात आलं. सुरुवातीला मला नुसता आवाजाचा दणका वाटायचा. मग एके दिवशी 'देम बोन्स' चालू असताना सवयीने बोटांवर मात्रा मोजल्या. सात! रूपक तालाइतक्या. आणि मुखडा आला की सरळ चारांत उतरतं. त्या सातमध्ये पाय कुठे टाकावा तेच कळत नाही, सारखी ठेच लागल्यासारखं होतं. गाणं आहे मरणाच्या भीतीचं. म्हणजे अस्वस्थता शब्दांत नंतर येते, आधी लयीत बांधलेली आहे. हे नशेत पडलेल्या माणसाचं काम नाही, बसून केलेलं काम आहे. उत्तररात्र, हा माझा पहिला मुद्दा.

दुसरा, दोन आवाजांचा. स्टेली आणि बँडचा गिटारवादक जेरी कँट्रेल बरोबर गातात तेव्हा एक वर, एक खाली, आणि दोघांतलं अंतर कानाला किंचित टोचेल असं ठेवलेलं. आपल्याकडे भजनात बुवा ओळ म्हणतात आणि टाळकरी ती मागून उचलतात. इथे दुसरा माणूस मागून येत नाही, शेजारून चालतो. "मी एकटा आहे" हे वाक्य दोघं मिळून गातात! हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आणि एक आपल्याकडचं. 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं, गडकरी गेल्यानंतर. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. त्यातली लोकांच्या ओठांवर राहिलेली पदं बघा, ती सिंधूची आहेत, बालगंधर्वांनी गायलेली. दारू पिणारा सुधाकर आपल्याला त्याच्या गद्य भाषणांनी आठवतो. बुडणाऱ्याचं दुःख आपण शंभर वर्षं त्याच्या बायकोच्या गळ्यातून ऐकलं. 'डर्ट'मध्ये मला वेगळं काय वाटलं असेल तर हे, की तिथे बुडणारा स्वतः गातोय. सिंधूला मात्र तिथे आवाज नाही, हेही मला टोचतं.

---

कातळशिल्प | ५ एप्रिल, सायंकाळी ६:४०

जोडरागिणीताई, सिंधूचा मुद्दा मला कधीच सुचला नसता. रूममेटच्या आईचा विचार आम्ही चौघांपैकी एकानेही केला नव्हता.

उत्तररात्र, तू मनापासून लिहिलंयस म्हणून मीही नीट उत्तर देतो. तू दुःख आणि व्यसन एकत्र धरतोयस. दुःखातून गाणी येतात, यावर माझा वाद नाही. पण आपण ज्यांना "लेनच्या वेदनेची गाणी" म्हणतो त्यातली कितीतरी लेनची नाहीतच. 'डाउन इन अ होल' कँट्रेलचं. 'देम बोन्स' कँट्रेलचं. 'रूस्टर' त्याने वडिलांवर लिहिलं, व्हिएतनामच्या लढाईतून परतलेल्या बापावर. 'वूड?' सुद्धा त्याचंच, आणि ते १९९० मध्ये हेरॉइनने गेलेल्या अँड्रू वूडबद्दल आहे, मदर लव्ह बोनचा गायक. त्याच्याकडे बोटं दाखवणाऱ्यांना ते गाणं विचारतं की तुम्ही कोण न्याय करणार. म्हणजे आपण स्टेलीचं आत्मचरित्र समजून जे ऐकतो ते पुष्कळदा त्याच्या मित्राने लिहिलेलं आणि त्याने गळ्यातून खरं करून दाखवलेलं आहे. गायकाचं कसब ते हेच ना?

'नटशेल' ज्यात आहे तो 'जार ऑफ फ्लाइज' सप्टेंबर १९९३ मध्ये साधारण आठवड्याभरात लिहून रेकॉर्ड झाला. दौऱ्यावरून थकून आलेली चार माणसं स्टुडिओत बसली आणि रोज काम केलं. बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलेला तो पहिला ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम.

आणि जे वाचले त्यांच्याकडे बघ. मार्क लॅनेगन, स्क्रीमिंग ट्रीज या बँडचा गायक. 'अबव्ह'मध्ये तो स्टेलीबरोबर गायलाय. तोही त्याच गर्तेत होता. बाहेर आला आणि २०२२ मध्ये जाईपर्यंत अल्बमामागून अल्बम करत राहिला, आत्मचरित्र लिहिलं. त्याचा 'ब्लूज फ्युनरल' २०१२ चा. तो ऐक आणि मला सांग, व्यसन सुटल्यावर त्याच्या आवाजातला काळोख गेला का. कँट्रेल २००३ पासून सोबर आहे. २००९ मध्ये नवा गायक विल्यम डुव्हॉलला घेऊन बँडने 'ब्लॅक गिव्हज वे टू ब्लू' केला. शीर्षकगीत स्टेलीसाठी आहे, पियानो एल्टन जॉनचा, जो स्वतः १९९० पासून सोबर आहे. मित्र गेल्याचं एवढं मोठं दुःख, आणि गाणारे सगळे शुद्धीत.

धुऊनपुसून घेतोय असं तुला वाटलं असेल तर माझं लिहिणं कमी पडलं. काळोख होता. तो कामाला लावायला लागणारी ताकद त्याच्यापाशी होती आणि ती दर वर्षी कमी होत गेली, एवढंच मला म्हणायचंय.

---

अबोलीचा_गजरा | ५ एप्रिल, रात्री ९:२०

मला या गाण्यांतलं फारसं कळत नाही, पण धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. दिवसभर लिंकिन पार्क. तो त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, तेव्हा ही सात-आठ वर्षांची असेल. तरी आता त्याच्या वाढदिवसाला स्टेटस ठेवते. मी एका गाण्याचे शब्द शोधून वाचले आणि रात्रभर झोप लागली नाही. स्वतःच्या कातडीखाली काहीतरी सरपटतंय अशा अर्थाचं होतं. हिच्या मनात काय चाललंय? फोन काढून घ्यावा का? तिचे बाबा म्हणतात ही गाणीच मुलांना नासवतात. चिडून नाही विचारत, खरंच घाबरून विचारतेय.

---

दुसरी_पाळी | ५ एप्रिल, रात्री ११:४८

अबोलीताई, आत्ताच ड्यूटीवरून आले. मी मनोरुग्ण विभागात परिचारिका आहे, चौदा वर्षं. फोन काढून घेऊ नका. आधी मला जे माहीत आहे ते सांगते.

तुम्ही वाचलेलं गाणं 'क्रॉलिंग' असावं. व्यसनापुढे स्वतःवरचा ताबा सुटणं हा त्याचा विषय. "माझ्या आत काहीतरी चाललंय आणि मला ते थांबवता येत नाही" हे पंधरा वर्षांच्या बहुतेक मुलांना कधी ना कधी वाटतं. ते सांगायला त्यांच्यापाशी शब्द नसतात. गाण्यात ते सापडतात.

गाण्यांनी मुलं नासतात का, हा प्रश्न कोर्टातही जाऊन आलाय. १९९० मध्ये अमेरिकेत रीनोला जुडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. दोन तरुणांनी आत्महत्येचं जे पाऊल उचललं त्याला त्यांच्या गाण्यातला छुपा संदेश कारणीभूत आहे असा आरोप होता. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही.

कोबेन गेला तेव्हा सगळ्यांना धास्ती होती की सिॲटलमध्ये मुलं त्याच्या मागे जातील. पाच दिवसांनी, १० एप्रिलला, सिॲटल सेंटरला हजारो चाहते जमले. नंतर या सगळ्याचा अभ्यास झाला, १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या भागात आत्महत्या वाढल्या नव्हत्या. वाढले होते ते मदतीसाठी आलेले फोन. तिथल्या बातम्यांत त्याच्या संगीताचं कौतुक आणि त्याच्या मरणाचा प्रकार एकमेकांत मिसळू दिले नव्हते, आणि मदतीचा क्रमांक वारंवार दिला जात होता. कातळशिल्प म्हणतात तेच तर हे!

अजून एक. २०१७ मध्ये लॉजिक नावाच्या रॅपरने एक गाणं केलं, त्याचं नावच अमेरिकेतल्या आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांक. गाण्यात जीव नकोसा झालेला एक जण फोन करतो आणि शेवटी त्याला जगावंसं वाटतं. २०२१ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर अभ्यास आला. ज्या दिवसांत गाण्याचा सर्वाधिक बोलबाला होता अशा ३४ दिवसांत नेहमीपेक्षा जवळपास दहा हजार फोन जास्त आले आणि अपेक्षेपेक्षा २४५ आत्महत्या कमी झाल्या, असा त्यांचा अंदाज. एका गाण्याने!

तुमची मुलगी गाणी ऐकते याची मला काळजी वाटत नाही. काळजी कधी करायची ते सांगते. रोज ऐकणारी मुलगी अचानक सगळंच सोडते, जेवण-झोप बिघडते, मैत्रिणी तुटतात, लाडक्या वस्तू वाटून टाकते, "मी नसले तर बरं" असं काही बोलते. तेव्हा थेट विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आईवडीलही फोन करू शकतात.

आणि आज नुसतं तिच्याजवळ बसा. म्हणा, तुझं आवडतं गाणं मला ऐकव.

---

पावसाळी_गाव | ६ एप्रिल, सकाळी ६:१०

मी सिॲटलजवळ रेडमंडला राहते. मूळची नगरची. दुसरी_पाळी, तुम्ही लिहिलेल्या सिॲटल सेंटरला आम्ही दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन जातो. मोठं गोल कारंजं आहे, मुलं त्यात भिजत असतात. इथे एके काळी एवढी माणसं रडत उभी होती हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

लोक या संगीताचं खापर इथल्या पावसावर आणि ढगांवर फोडतात. मी बारा पावसाळे काढलेत इथे (इथला पावसाळा म्हणजे हिवाळा). आत्ता चेरी फुलल्या आहेत, आकाश निळंशार आहे. पावसाने कोणी हेरॉइन घेत नाही. त्या वर्षांत ते इथे सहज मिळत होतं आणि उपचार सहज मिळत नव्हते, असं माझ्या शेजारच्या आजी सांगतात. त्या तेव्हा इथल्या शाळेत शिकवायच्या.

स्टेलीच्या आईने त्याच्या नावाने निधी उभा केला, व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी. दर ऑगस्टमध्ये त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास इथे कार्यक्रम होतो, बँड त्याची गाणी वाजवतात. २०१९ मध्ये तर महापौरांनी २२ ऑगस्ट हा लेन स्टेली दिवस म्हणून जाहीर केला. मी एकदा गेले होते. मला वाटलं होतं काळे कपडे, उदास चेहरे. तर तिथे पोरंबाळं घेऊन आलेली माणसं, पन्नाशीचे बाप लेकींना खांद्यावर घेऊन गात होते.

जोडरागिणीताई, सिंधूला आवाज नाही म्हणालात ना, तर मला त्याची आई आठवली. ती गात नसेल, पण मुलगा गेल्यावर इतकी वर्षं ती बोलतेय.

---

आजचा_दिवस | ६ एप्रिल, दुपारी २:३०

कधी लिहीत नाही, वाचतो. आज लिहितो.

माझं गर्द १९९१ ला सुरू झालं, मुंबईत. नंतर दारू. पुण्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात तीनदा गेलो. दोनदा बाहेर आल्यावर स्लिप झालो. तिसऱ्या वेळेपासून आज सतरा वर्षं सोबर आहे.

'डर्ट'ची कॅसेट माझ्याकडेही होती. 'जंकहेड' हे आमच्या टोळीचं गाणं. मोठ्याने लावायचो आणि एकमेकांना टाळ्या द्यायचो. केंद्रातून आल्यावर तीच कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा कळलं की पुढची गाणी मला येतच नाहीत. दर वेळी तोवर मी आडवा झालेला असायचो. 'अँग्री चेअर' मी वयाच्या ३७ व्या वर्षी शुद्धीत पहिल्यांदा पूर्ण ऐकलं, माझ्याच कॅसेटवर. तो माणूस मला सांगत होता आणि मी झोपलो होतो.

टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर होणारा त्रास, काय असते ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच माहीत. हाडं कोणी आतून ओढतंय असं वाटतं. त्या काळात मला गाणं सुचणं सोडा, स्वतःचं नाव सुचत नव्हतं. उत्तररात्र, तू माझ्या पुतण्याच्या वयाचा आहेस म्हणून सांगतो. नशा चढलेली असताना मी जे जे काही महान लिहिलं होतं त्या वह्या केंद्रातून आल्यावर उघडल्या. त्यात एक वाक्य पूर्ण नव्हतं.

दोन आवाजांचं जे ताईंनी लिहिलं त्यावर मी रात्रभर विचार केला. मॅड सीझन हा बँड पर्ल जॅमचा गिटारवादक माइक मॅकक्रेडीने सुरू केला तो केंद्रात भेटलेल्या जॉन बेकर साँडर्सला घेऊन. सोबर माणसांत राहिला तर लेन सावरेल, असं त्याला वाटत होतं. आमच्या व्यसनमुक्तांच्या मीटिंगमध्ये आम्ही हेच करतो. 'अबव्ह' झाला, मुखपृष्ठावरचं चित्र लेनने स्वतः काढलं, 'रिव्हर ऑफ डिसीट'सारखं गाणं झालं. आणि तरी १९९९ मध्ये साँडर्स गेला, २००२ मध्ये लेन. सोबत होती त्याला. मलाही होती. मी वाचलो आणि तो नाही. का, ते मला सतरा वर्षांत सापडलेलं नाही आणि कोणी सांगायला लागलं तर मी ऐकून घेत नाही.

'रिव्हर ऑफ डिसीट' मी दर वर्षी माझ्या सोबर वाढदिवसाला एकदा ऐकतो. नंतर बायको चहा करते.

---

उत्तररात्र | ६ एप्रिल, दुपारी ४:०२

आजचा_दिवस काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी वह्या ठेवतो. आज रात्री उघडून बघेन.

'ब्लूज फ्युनरल' ऐकला. कातळशिल्पदादा, काळोख गेलेला नाही.

---

जोडरागिणी | ६ एप्रिल, सायंकाळी ७:१५

पावसाळी_गाव, त्या आईबद्दल लिहिलंत म्हणून आभार. काल रात्री मुलाने 'अनप्लग्ड' लावून दिलं. 'नटशेल'ला एकेक जण येऊन बसतो आणि गाणं भरत जातं. मध्येच एका गाण्यात स्टेली चुकतो, सगळे थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मैफलीत चुकलेल्याला सांभाळून घेणारे साथीदार मी खूप पाहिलेत. तिथले चेहरे तसेच होते.

---

अबोलीचा_गजरा | ७ एप्रिल, सकाळी ८:३०

दुसरी_पाळी, तुमचं ऐकलं. काल रात्री तिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, मला ऐकव. आधी ती घाबरलीच, तिला वाटलं मी तपासणीला आलेय. मग एक इअरफोन मला दिला. तीन गाणी ऐकली. मला म्हणाली, आई, ओरडतो तो एक आणि मध्ये शांतपणे बोलतो तो दुसरा, त्याच्याकडे लक्ष दे. तो त्याचा मित्र. मी जोडरागिणीताईंचं दोन आवाजांचं तिला सांगितलं तर ती एकदम उठून बसली.

मग शाळेतलं एक सांगितलं. दोन महिने मनात ठेवलं होतं तिने. इथे लिहीत नाही. उद्या आम्ही दोघी शाळेत जाणार आहोत.

---

मधला_स्टंप | ७ एप्रिल, रात्री १०:५५

कातळशिल्प, विचारू की नको असं चाललं होतं. तुमच्या रूममेटचं पुढे काय झालं?

---

कातळशिल्प | ७ एप्रिल, रात्री ११:४०

२०११ मध्ये गेला. यकृत. शेवटची सहा-सात वर्षं त्याने गिटारला हात लावला नव्हता, ती माळ्यावर होती. बोटं थरथरायची म्हणून नाही, वाजवावंसंच वाटत नाही म्हणाला होता मला फोनवर.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या आईने ती गिटार मला दिली. मला वाजवता येत नाही हे काकूंना माहीत होतं. म्हणाल्या, तू त्याचं ऐकायचास ना.

माझ्याकडे आहे ती. दर पावसाळ्यानंतर दुकानात नेऊन तारा बदलून आणतो. ट्यूनिंग अर्धा सूर खाली ठेवायला सांगतो, तो ठेवायचा तसं.